चालता येतं म्हणून नाकारलेली खुर्ची

गेल्या महिन्यात दम्मामहून एका बाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांना कुणा ओळखीच्यांकडून मिळाला होता. त्यांच्या मिस्टरांना स्नायूंचा आजार आहे. "घरातल्या घरात थोडं चालतात हो ते," त्या म्हणाल्या, "म्हणून इन्शुरन्सवाल्यांनी बॅटरीची खुर्ची नाकारली. तुम्हाला कशी मिळाली?" मी सांगायला लागले, पण फोनवर सांगून होईना. मध्येच त्यांना रडू आलं, मग मलाही पुढे बोलवेना. लिहून पाठवते, म्हटलं. त्यांच्यासाठी म्हणून लिहायला बसले आणि त्यांनी न विचारलेलंही बरंच लिहून झालं.

मी मेधा. माहेर मिरजेचं. नवरा मिलिंद रियाधमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात आहे. मुलगी सई दहावीत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. मी इथल्या एका भारतीय शाळेत मुलींच्या विभागात केमिस्ट्री शिकवते. आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हा आजार पूर्ण बरा होत नाही. औषधाने त्याचा वेग कमी होतो, एवढंच.

नाव कळलं तो दिवस

सुरुवात डोळ्यापासून झाली. उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसायला लागलं, महिन्याभरात आपोआप गेलंही. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना मार्कर हातातून पडला. उचलला, परत पडला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मिस, आप थक गए हो क्या?" मी हसले आणि डाव्या हातात मार्कर घेतला. डाव्या हाताने काढलेलं अक्षर बघून सगळा वर्ग हसला. मीही हसले.

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आम्ही डॉ. हालांकडे गेलो. त्या इजिप्तच्या, साठीच्या आसपासच्या, बोलणं सावकाश. गाठ नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. ते ऐकून मी इतकी हलकी झाले की पुढचं वाक्य माझ्या कानांवरून गेलं. मिलिंदने माझा हात धरला तेव्हा कळलं, अजून काहीतरी आहे. डॉ. हालांनी नाव सांगितलं आणि ते कागदावर लिहून दिलं, कारण पेशंट घरी जाऊन नाव विसरतात, म्हणाल्या. जाताना त्यांनी विचारलं, "मुलं किती?" एक मुलगी म्हटल्यावर म्हणाल्या, "तिच्यापासून लपवू नका. मुलांना कळतंच."

आम्ही गाडीत येऊन बसलो. मिलिंदने एसी लावला, पण गाडी काढेना. मग म्हणाला, "घरी खबूस संपलंय ना?" मी हो म्हटलं. आम्ही नेहमीच्या तंदूरवर थांबलो, त्याने खबूसच्या गरम रोट्या आणल्या आणि मी त्या मांडीवर घेऊन बसले.

हाताची खुर्ची

पहिली काही वर्षं बरी गेली. वर्षातून ठरावीक वेळा औषधाचं सलाइन घ्यायला जायचं, दोन दिवस अंग मोडून यायचं, मग परत शाळा. दर वेळी त्याच खोलीत तीच फिलिपिनो नर्स असायची. हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकून ती शीर शोधायची आणि सापडली की स्वतःच टाळी वाजवायची. ती रजेवर असली की मला धास्ती वाटायची.

पण पाय हळूहळू जड होत गेले. आधी काठी, मग वॉकर, मग चाकांची साधी खुर्ची. साधी खुर्ची दोन्ही हातांनी ढकलावी लागते. माझा उजवा हात निम्म्याने काम करायचा, त्यामुळे मी ढकलायला लागले की खुर्ची गोल फिरायची. सईला सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. नंतर नाही वाटली.

त्यात उन्हाचा प्रश्न. या आजारात अंग तापलं की नसा काम करायच्या थांबतात. गार खोलीत मी भिंत धरून चार पावलं टाकते, बाथरूमला जाते, ओट्यापाशी उभी राहते. बाहेरच्या उन्हात तेच पाय माझे राहत नाहीत. इथे रियाधमध्ये वर्षातले निम्म्याहून जास्त महिने तसलं ऊन. लोकांना हे समजत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई मला स्वयंपाकघरात उभी बघून म्हणाल्या होत्या, "अहो, तुम्ही तर चालता!" आनंदानेच म्हणाल्या त्या. मला मात्र चोरी पकडल्यासारखं झालं.

शाळेने वर्ग तळमजल्यावर दिला, तोपर्यंत ठीक होतं. पण वर्गातून लॅबमध्ये, लॅबमधून स्टाफरूममध्ये मला कुणीतरी न्यावं लागायचं. मावश्या यायच्या, नाहीतर मुली भांडायच्या, मिसला आज मी नेणार म्हणून. प्रिन्सिपल मॅडम एकदा अगदी मायेने म्हणाल्या, "मेधा, यू शुड टेक रेस्ट नाऊ." त्या मायेचा अर्थ मला नीट कळला.

घरातलं तर विचारू नका. मिलिंदची कंबर गेली. मला उचलून, फिरवून, खुर्ची पायऱ्यांवरून उतरवून. तो ऑफिसला पट्टा बांधून जायला लागला. तो नसला की सई. तेराव्या वर्षी ती मला आंघोळ घालत होती. शाळेची सहल होती तेव्हा तिने स्वतःच नाव दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इट्स बोअरिंग, मम्मा."

एका शुक्रवारी आम्ही संध्याकाळी बागेत गेलो. माझ्या पायघोळ अबायाचं टोक चाकात अडकलं, मिलिंदच्या लक्षात आलं नाही, त्याने नेहमीच्या जोराने ढकललं आणि मी पुढे तोंडावर पडले. ओठ फुटला. चार बायका धावत आल्या, एकीने पाणी दिलं. मिलिंद माझ्यावरच ओरडला, "कपडे सांभाळता येत नाहीत तुला?" मग तिथेच गवतावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सई लांब उभी होती, फोनमध्ये बघत. फोन बंद होता, ते मला दिसत होतं.

बॅटरीवरच्या खुर्चीचा विषय त्याच आठवड्यात डॉ. हालांकडे निघाला.

मावाफका

इथे कुठलंही मोठं काम इन्शुरन्सच्या मंजुरीवाचून होत नाही. त्याला मावाफका म्हणतात. डॉक्टर लिहून देतात, हॉस्पिटलच्या काउंटरवरून ते कंपनीकडे जातं आणि तिकडून हो किंवा नाही येतं. डॉ. हालांनी 'पॉवर व्हीलचेअर, आवश्यक' असं लिहून दिलं. आम्हाला वाटलं, झालं काम. तशी खुर्ची विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण मिलिंदच्या बँकेचा इन्शुरन्स चांगला आहे असं सगळे म्हणायचे.

काउंटरवरची मुलगी रोज फोनवर म्हणायची, "बुकरा, इन्शाल्लाह." उद्या. असे बरेच उद्या गेले. मग उत्तर आलं: पेशंट घरात चालू शकतो, साधी खुर्ची पुरेशी आहे.

मिलिंदने फोन करकरून, एचआरच्या मागे लागून फाइल परत उघडायला लावली. या वेळी मंजुरी आली. आम्ही सईला सांगितलं, आईला मिरजेला फोन केला. कुठली खुर्ची मंजूर झाली आहे, हे कुणी विचारलंच नाही. दम्मामच्या ताईंना मला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. मंजुरीत नुसतं 'पॉवर व्हीलचेअर' असेल तर सप्लायर त्याच्या गोदामात पडलेली कुठलीही आणून देतो.

सप्लायरचा माणूस शाजी, केरळचा. स्वभावाने चांगला होता. दोन हमाल घेऊन तो खुर्ची वर घेऊन आला. लिफ्टमध्ये ती तिरकी करून बसवावी लागली होती. मी बसले. सीट इतकी रुंद की माझ्या बाजूला सईसुद्धा बसली असती. माझ्या पाठीत आता ताकद नाही. धरायला काही नसलं की मी उजवीकडे कलते. तशीच कलले. आणि खुर्ची चालवायची दांडी उजव्या हाताशी.

"माझा उजवा हात चालत नाही," मी हिंदीत म्हटलं.

"आदत हो जाएगी, मॅडम," शाजी म्हणाला.

मिलिंदने खुर्ची बाथरूमच्या दारापाशी नेली. ती आत जाईना. स्वयंपाकघरात गेली, पण वळेना. उलटी बाहेर काढावी लागली. शाजीने सही करायला कागद पुढे केला. मी त्याला विचारलं, सही केल्यावर बदलून मिळेल का?

त्याने आधी मिलिंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सच बोलूँ मॅडम? साइन के बाद खलास. फाइल बंद. फिर कई साल दूसरी नहीं मिलती."

"मग मी सही करत नाही," मी म्हटलं.

मिलिंद मला आतल्या खोलीत घेऊन आला. आवाज खाली ठेवून, पण दात आवळून म्हणाला, "मेधा, जे मिळतंय ते घेऊ. पुढचं पुढे बघू. काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

"त्यात मी बसू शकत नाही, मिलिंद."

"आणि माझी कंबर? सईचं काय? आमचा विचार कर जरा."

त्याचं चुकत नव्हतं. म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, "ही खुर्ची घेतली तर मी पुढची सगळी वर्षं त्यात वाकडी बसणार आणि तुम्ही दोघं ती ढकलणार. फक्त ती आत्ताच्यापेक्षा जड असेल."

शाजी खुर्ची परत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "सॉरी मॅडम." मिलिंद त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलला. औषध घेतलंस का, जेवलीस का, बस. आणि इन्शुरन्सकडे नोंद झाली ती अशी, की पेशंटने साहित्य घ्यायला नकार दिला.

जखम

ते महिने सगळ्यात वाईट. शाळेतून मी रजा घेतली. दिवसभर त्याच साध्या खुर्चीत, खाली घडी घातलेली चादर घेऊन बसायची. माकडहाडापाशी दुखत होतं, पण माझं काय दुखत नव्हतं तेव्हा? मी सांगितलं नाही. एकदा आंघोळ घालताना सई एकदम थांबली.

"मम्मा, इट्स ओपन. देअर इज ब्लड."

तिने पुढचं सगळं नीट केलं. पुसलं, कोरडं केलं, पप्पांना फोन लावला. मग बाथरूमच्या बाहेर जाऊन उलटी केली. तो आवाज मी ऐकला.

आई रोज फोनवर म्हणायची, "ये निघून. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा आहे? मी आहे, वहिनी आहे." मलाही वाटायला लागलं होतं, जावं. पण माझं सलाइन मिलिंदच्या इन्शुरन्समधून होतं. सईची दहावी तोंडावर होती. आणि खरं सांगायचं तर परत जाणं म्हणजे शाळा कायमची सुटणं. तीस मुलींसमोर उभी राहणारी, म्हणजे बसणारी का होईना, अशी मी अजून होते. ते गेलं असतं तर मी नुसती आजारी उरले असते.

जखम बघून डॉ. हाला रागावल्या. माझ्यावर कमी, कंपनीवर जास्त. त्यांनी मला त्यांच्याच हॉस्पिटलच्या रिहॅब विभागात पाठवलं. तिथे नूफ भेटली.

नूफ

नूफ रियाधचीच, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, तिशीतली. तिने मला पहिल्याच भेटीत 'उम्म सई' म्हणायला सुरुवात केली, सईची आई. दवाखान्यात मला वर्षभरात कुणी पेशंटशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

तिने मला आधी काही विचारलंच नाही. टेप घेतली आणि मापं घेत बसली. कंबर, मांडी, गुडघ्यापासून टाच. मग मला तशीच बसवून ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून गप्पा मारायला लागली. तिचं इंग्रजी, माझं इंग्रजी, मध्ये थोडं अरबी. थोड्या वेळाने म्हणाली, "बघ, किती कललीस." मला कळलंही नव्हतं.

मग प्रश्न. बाथरूमचं दार केवढं? गॅसपाशी वळायला जागा आहे का? सकाळी कशी असतेस, दुपारी कशी असतेस? वाईट दिवस कसा असतो? शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "वाईट दिवशी मी इथे येतच नाही."

"तेच," ती म्हणाली. "डॉक्टरांना तुझे फक्त चांगले दिवस दिसतात."

मिलिंदने तिच्या सांगण्यावरून घरातलं प्रत्येक दार मोजलं, लिफ्टसुद्धा. त्या कामात तो पुन्हा माझ्याशी बोलायला लागला. "बेडरूमचं दार बाथरूमपेक्षा मोठं आहे, माहितीये तुला? इतकी वर्षं राहतोय इथे," असं काहीतरी. मी हो म्हटलं. एवढंच बोलणं, पण घरात जरा हवा खेळली.

नूफने नवी मागणी लिहिली. अरुंद खुर्ची, डाव्या हाताची दांडी, दोन्ही बाजूंनी पाठीला आधार, जखमेसाठी वेगळी गादी, आणि सीट मागे कलती करता येईल अशी सोय. प्रत्येक गोष्टीपुढे ती का लागते ते. ताई, हे करून घ्या. तुमच्या भागात अशी थेरपिस्ट असेल तर तिच्याकडे आधी जा, दुकानदाराकडे नंतर.

कंपनीचं उत्तर आलं, की आधी नकार दिलेला असल्यामुळे आमचे डॉक्टर पेशंटला स्वतः तपासतील.

त्या दिवशी

तपासणी भर उन्हाळ्यात आली, दुपारची. गाडी मिलिंद चालवत होता. हॉस्पिटलच्या आवारात शिरताना म्हणाला, "उठू नकोस."

"म्हणजे?"

"ते म्हणतील उभ्या राहा. तू राहू नकोस. येत नाही म्हणून सांग. बस. एवढंच करायचंय तुला."

"पण मला येतं."

"मेधा, बाहेर येतं का तुला? नाही ना? मग ते खोटं कसं?" त्याने गाडी थांबवली. "मला आता नाही होत गं."

मला खरंच ठरवता येत नव्हतं. मी त्या क्षणी त्याच्यासाठी खोटं बोलायलाही तयार होते.

खोली थंडगार होती. कंपनीचे डॉक्टर वयस्कर होते, वागायला सभ्य. नूफ बाजूला उभी. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "तुम्हाला चालता येतं?"

मी मिलिंदकडे बघितलं नाही. "हो," म्हटलं. कसं आलं तोंडातून, मला आजही सांगता येणार नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. वीस वर्षं मुलींना सांगत आले होते, की प्रयोगात जे दिसलं तेच लिहा. तीच सवय असेल.

"चालून दाखवता?"

मी उठले. टेबल धरून गेले, भिंत धरून परत आले. पाय ओढत, पण आले. मिलिंदने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आता माझ्याबरोबर गाडीपर्यंत चला."

"त्याची गरज नाही."

"मी खोलीत राहत नाही. माझी शाळा बाहेर आहे. तुम्ही मला खोलीत बघितलंत. एकदा बाहेर बघा, मग काय लिहायचं ते लिहा."

ते नूफकडे बघून हसले, हे काय आता, अशा अर्थाचं. नूफ हसली नाही. "मी जाते तिच्याबरोबर," म्हणाली, "तुम्ही दारातून बघा हवं तर."

मिलिंदने मला खुर्चीवरून दारापर्यंत नेलं. काचेचं दार उघडलं आणि ती झळ तोंडावर आली. मी वॉकर धरून उठले. नूफ एका बाजूला, मिलिंद मागे. डॉक्टर काचेच्या आत थांबले. सावलीतून निघाले तेव्हा पाय होते. उन्हात थोडं पुढे गेले आणि डावा गुडघा थरथरायला लागला. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं. मला त्यांना दाखवायचं होतं, आणि दाखवायच्या नादात मी स्वतः घाबरले. कमरेखाली काही आहे हेच कळेना. वॉकर पुढे सरकला आणि मी खाली आले. नूफने मला काखेत धरलं, पण माझं वजन तिला पेलेना, ती गुडघ्यावर बसली. तिच्या तळहाताला तापलेली फरशी लागली असणार.

"शूफ, दुक्तूर!" ती मान वळवून ओरडली. बघा! "शूफ!"

डॉक्टर बाहेर आले. धावत नाही, पण आले. त्यांनी दुसऱ्या बाजूने मला धरलं आणि मिलिंदने खुर्ची आणली. सावलीत आल्यावर त्यांनी स्वतः पाणी मागवलं. माझ्या ओल्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "असं किती वेळा होतं?"

"मी बाहेर पडते तितक्या वेळा," मी म्हटलं.

त्यांनी त्यांचा रुमाल नूफला हातावर धरायला दिला आणि आत गेले.

गाडीत मिलिंद रडला. मी त्याला म्हटलं, एसी वाढव.

दोन दिवस मी पलंगावरून उठले नाही. पडताना पाऊल मुरगळलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण दम्मामच्या ताईंनी यातून असं काही करायचं शिकू नये. नूफही नंतर मला रागावली. हे माझ्याकडून झालं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. कुणालाही आपलं दुखणं असं रस्त्यावर पडून सिद्ध करावं लागू नये.

खुर्ची आली

मंजुरी आली. सीट मागे कलती करायची सोय मात्र कापली होती, ती नुसती 'आरामासाठी' आहे म्हणून. नूफने परत लिहिलं, परत नकारच आला. म्हणून मी आजही दुपारी तासभर पलंगावर आडवी होते, नाहीतर जखम पुन्हा तोंड उघडते. शाळेत असले तर सिक रूममध्ये.

या वेळी सप्लायर दुसरा होता. नूफने त्याला खुर्ची आधी रिहॅबमध्ये आणायला लावली आणि माझ्या अंगाच्या मापाने बसवल्याशिवाय कागदाला हात लावू दिला नाही. एका बाजूचा आधार तिने चार वेळा काढून लावला. मग म्हणाली, "यल्ला, उम्म सई." चल.

मी डाव्या हाताने दांडी पुढे केली. खुर्ची निघाली. मी थेट औषधांच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. नूफ हसत सुटली. घरी आल्यावर फ्रिजला धडक, दाराच्या चौकटीला धडक, मिलिंदच्या पायावरून चाक. तो दिवसभर माझ्या मागे मागे फिरत होता, हात पुढे करून, जणू खुर्चीला अजून ढकलायच्या मुठी आहेत. संध्याकाळी मी म्हटलं, "बस ना जरा." तो सोफ्यावर बसला, पण हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

शाळेत परत गेले. लॅबमध्ये एकटी जाते. मुली आता कुरकुरतात, मिसला न्यायला मिळत नाही म्हणून.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. ही खुर्ची आमच्या गाडीत चढत नाही. शाळेसाठी व्हॅन ठरवावी लागली. बॅटरी कायमची गेली तर नवी कोण देणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. मिलिंदच्या बँकेत माणसं कमी करायची चर्चा सुरू झाली की मी इन्शुरन्सचं कार्ड काढून त्यावरची तारीख बघते. नोकरी, इथे राहायचा इकामा, इन्शुरन्स, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. आणि गेल्या तपासणीत डॉ. हाला माझ्या डाव्या हाताची बोटं जरा जास्तच वेळ तपासत होत्या. खुर्चीची दांडी त्याच हातात असते.

सई

खुर्ची येऊन थोडे महिने झाले असतील. जेवताना सई म्हणाली, "आय वॉन्ट टू डू इलेव्हन्थ इन पुणे. आय विल स्टे विथ आत्या."

मला काही कल्पना नव्हती. मिलिंदला होती, हे त्याच्या खाली गेलेल्या नजरेवरून कळलं. मी म्हटलं, अजून लहान आहेस, बारावीनंतर बघू. ती म्हणाली, सगळ्या मैत्रिणी चालल्यात. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? ती ताटावरून उठली.

"अब तो तुम्हें मेरी ज़रूरत भी नहीं है ना, मम्मा," ती म्हणाली. रागात ती हिंदीत जाते. "चेअर है ना अब."

आणि खोलीत जाऊन दार आपटलं. पूर्वी असं झालं की मी जागेवरून हाका मारायचे. सई, इकडे ये. सई, बोलतेय मी. ती आली नाही की मिलिंद जायचा समजूत काढायला. त्याही दिवशी तो उठायला लागला.

"तू बस," मी म्हटलं.

पॅसेजमधलं वळण अवघड आहे. एकदा भिंतीला घासले. तिच्या दारापाशी जाऊन मी दार वाजवलं.

"पप्पा, गो अवे."

"मी आहे."

आत पावलं वाजली आणि दार फटीएवढं उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, पॅसेजमध्ये. तिथे कुणी नव्हतं.

"हाऊ डिड यू कम हिअर?"

"आले."

ती बाजूला झाली. मी उंबऱ्यावरून चाकं चढवली आणि आत गेले. दोन वर्षं मी त्या खोलीत गेले नव्हते. ढकलत न्या म्हणावं इतकं कारण कधी झालं नव्हतं. तीच यायची माझ्याकडे, हाक मारली की. कार्टूनचे पडदे गेले होते. पलंगावर राखाडी चादर होती, भिंतीवर मी न पाहिलेल्या मुलींबरोबरचे फोटो होते आणि आरशाशेजारी काजळाची डबी. एका मोठ्या मुलीची खोली होती ती.

"ही चादर कधी घेतलीस?" मी विचारलं.

"लास्ट इयर." ती पलंगाच्या कडेला बसली, माझ्या बरोबर समोर. "मम्मा, तू उगीच विषय बदलू नकोस."

हे ती मराठीत बोलली. मी दांडी सोडून हात मांडीवर घेतला.

"नाही बदलत," मी म्हटलं. "गरज नाही म्हणालीस ना? आता त्यावर नीट भांड माझ्याशी."